घेतले ते पुढे देणारी माउली : लक्ष्मीबाई टिळक

प्रभू येशू ख्रिस्ताच्या जन्माचा मंगल दिन आज पुन्हा उजाडला आहे. नाशिक शहरातील शरणपुरापासून सह्याद्रीच्या कुशीतील पेठ तालुक्याच्या वाड्यापाड्यांपर्यंत जेथे जेथे ख्रिस्तभक्तांची वस्ती आहे, तेथे तेथे आज उपासना होईल, फराळाची ताटे शेजारीपाजारी जातील आणि बेथलेहेमच्या गोठ्यात जन्मलेल्या बाळाचे स्तवन होईल. अशा दिवशी ख्रिस्ती प्रीती म्हणजे नेमके काय, याचा विचार करणे उचित ठरेल. त्यासाठी आम्ही एका थोर स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ती आपल्याच जिल्ह्यात जन्मली, वाढली आणि याच जिल्ह्यात तिने देह ठेवला.

शुभवर्तमानातील एक प्रसंग वाचकांच्या परिचयाचा असेल. आपल्या मरणाच्या आदल्या रात्री प्रभूने कमरेस रुमाल बांधला, घंगाळात पाणी घेतले आणि आपल्या शिष्यांचे पाय धुतले. त्यानंतर त्याने शिष्यांना जी आज्ञा केली, ती विचार करण्याजोगी आहे. त्याने त्यांना आपले पाय धुण्यास सांगितले नाही. त्यांनी एकमेकांचे पाय धुवावेत असे सांगितले. उपकार करणाऱ्याकडे उपकार परत न्यावयाचा नाही, तो पुढच्या गरजवंताकडे न्यावयाचा, हा या आज्ञेचा अर्थ आहे.

पेठच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्यांना परस्परसाहाय्य शिकवावे लागत नाही. भाताच्या आवणीस एका घरची माणसे दुसऱ्याच्या शेतात राबतात आणि पुढे ती दुसरी माणसे पहिल्याच्या शेतात राबून ते श्रम फेडतात. सावड म्हणतात ती हीच. ही रीत फार चांगली आहे आणि तिच्यावरच गावगाडा तगला आहे. परंतु तिच्यात फेडीची अपेक्षा असते. ज्याच्यापाशी फेडण्यासारखे काहीच नाही, त्याचे काय करावयाचे? ज्याने आपल्यावर उपकार केला तो पुन्हा कधी भेटणारच नसेल, तर त्याचे ऋण कोठे फेडावयाचे? या दोन प्रश्नांचे उत्तर लक्ष्मीबाई टिळक यांनी आपल्या आयुष्याने दिले आहे.

लक्ष्मीबाईंच्या घराण्याची कथा पेठ आणि त्र्यंबक या परिसराच्या इतिहासाशी जोडलेली आहे. १८५७ सालच्या डिसेंबर महिन्यात या डोंगरपट्ट्यात बंडाचा वणवा पेटला. त्र्यंबकचा सरकारी खजिना लुटण्याचा प्रयत्न झाला, हरसूलचा बाजार लुटला गेला. पेठ हे त्या काळी संस्थान होते. तेथील राजघराण्याचे भगवंतराव ऊर्फ भाऊराजे यांना इंग्रजांनी फासावर चढविले. त्र्यंबकेश्वरचे वासुदेव भगवंत जोगळेकर हेही या बंडाच्या वर्षात फाशी गेले. हे जोगळेकर म्हणजे लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील होत.

या घटनेचा घाव लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर खोल बसला. त्यांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घेण्याची सोय नव्हती. मीठदेखील धुतले जाई, आणि धुतलेल्या मिठाचे काय होत असेल हे वाचकांनीच ताडावे. अशा या गोखल्यांच्या घरात, नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूर गावी, १८६८ साली एक कन्या जन्मास आली. तिचे नाव मनकर्णिका. घरची माणसे तिला मनू म्हणत.

याच काळात, जलालपुरापासून काही कोसांवर असलेल्या शरणपुरात एक निराळीच सृष्टी नांदत होती. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी १८५० नंतरच्या दशकात तेथे ख्रिस्ती वसाहत उभारली होती. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडी आणि त्यांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना येथे आसरा मिळे. त्यांना अक्षरओळख आणि हाताला कामधंदा येथे शिकविला जाई. येथेच शिकलेला जेकब वेनराइट हा तरुण पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाल्यावर त्यांचे शव शेकडो मैल खांद्यावरून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या विश्वासू मंडळींत तो होता, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील दफनविधीसही तो उपस्थित होता. शरणपुरातील कित्येक जण पुढे पूर्व आफ्रिकेतील फ्रीअर टाउन येथे गेले आणि नव्याने मुक्त झालेल्या गुलामांचे आधार बनले. नाशिकला जे मिळाले, ते त्यांनी आफ्रिकेत दिले. परंतु जलालपूरच्या गोखल्यांच्या घरातील त्या चिमुकल्या मुलीस या जगाची वार्ताही असण्याचा संभव नव्हता. तेथे परक्याच्या स्पर्शाची भीती घरभर भरून राहिली होती.

मनूला पहिला आधार मिळाला तो नात्यातील माणसांचा. नाशिक येथे राहणाऱ्या खांबेटे कुटुंबाने तिला आपल्या घरी नेले आणि पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले. १८८० च्या सुमारास, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनूची लक्ष्मी झाली.

नारायणरावांचाही पिंड आधारावर पोसलेला होता. कोकणात करजगाव येथे जन्मलेला हा मुलगा आईच्या निधनानंतर घरातून बाहेर पडला आणि शिक्षणाच्या ओढीने नाशिकला आला. जवळ कवडी नव्हती. नाशिकच्या माणसांनी त्यास अन्न दिले, गणेशशास्त्री लेले यांनी त्यास संस्कृत विद्या दिली. या उपकारांची फेड तो करू शकत नव्हता. मात्र मिळालेले आपल्यापाशी साठवावयाचे नाही, हा स्वभाव तेथेच घडला असावा असे आम्हांस वाटते. टिळकांच्या हाती आलेला पैसा हाती राहिल्याचे कोणास आठवत नाही. मागणारा दारी आला की पुढचा विचार नसे. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. त्यांचे आणि नारायणरावांचे खटके उडत, समेट होई, पुन्हा खटके उडत. हे सारे पुढे लक्ष्मीबाईंनी काहीही न लपविता सांगितले आहे.

१८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. त्यांनी या तरुण कवीशी मोठ्या सौजन्याने संभाषण केले, त्याच्या काव्याचे कौतुक केले आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची एक प्रत त्याच्या हाती ठेवली. त्या गृहस्थांचे नाव टिळकांना कधीच कळले नाही आणि त्यांची पुन्हा भेटही झाली नाही. परंतु त्या भेटीने एका आयुष्याची दिशा बदलली. डोंगरावरील प्रवचन वाचता वाचता टिळकांचे मन ख्रिस्ताकडे वळले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या आयुष्यातील हा आनंदाचा दिवस लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील अंधाराचा दिवस ठरला. पती जिवंत असून दुरावला होता. पदरी देवदत्त हा लहानगा मुलगा होता. अपत्यवियोगाचे दुःख त्यांनी पूर्वीच सोसले होते, त्यात हा घाव बसला. जीव नकोसा व्हावा अशी त्यांची अवस्था झाली. या संकटात त्यांना सावरले ते त्यांच्या बहिणीने व तिच्या घरच्यांनी. पंढरपूर येथे त्यांनी या माय-लेकरांना ठेवून घेतले. समाजाचा रोष पत्करून एका धर्मांतरिताच्या पत्नीस आपल्या घरात ठेवणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. आज ख्रिस्ती प्रीतीबद्दल लिहीत असताना आम्ही हे आवर्जून नमूद करतो की लक्ष्मीबाईंना तारणारे हे हात विठ्ठलभक्त हिंदूंचे होते. प्रीतीचा उगम देवापाशी असेल, तर ती कोणाच्या हातून वाहावी यास बंधन कसे असणार?

सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे पतीपाशी राहावयास आल्या. पण त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. प्रीती ही वाट पाहू शकते, हे या दांपत्याच्या जीवनातील त्या दिवसांवरून दिसून येते. लक्ष्मीबाई विचार करीत राहिल्या. देवाने माणूस निर्माण केला. जाती कोणी निर्माण केल्या? हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःस विचारला आणि त्याचे उत्तरही स्वतःच शोधले. जातिभेद हा माणसाचा खेळ आहे, देवाचा नाही, असा त्यांचा निश्चय झाला.

निश्चय करणे सोपे असते. त्याप्रमाणे पहिला घोट घेणे अवघड असते. मीठ धुणाऱ्या बापाची ती मुलगी. जन्मभर ज्यास विटाळ मानले, त्या हातचे पाणी पिताना त्यांच्या अंगावर शहारे आले, मन मागे सरले. तरीही त्या मागे हटल्या नाहीत. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या मते लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठे पराक्रमाचे कृत्य त्यांनी पाण्याच्या त्या घोटाने केले. ज्यांस आपण शिवत नाही, त्यांची शुश्रूषा आपण करू शकत नाही. ती अढी गेली आणि लक्ष्मीबाईंचे दार जगास मोकळे झाले.

दार मोकळे व्हावे अशी वेळही होती. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ, ज्यास लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, महाराष्ट्रावर कोसळला होता. आईबापांवाचून उघडी पडलेली मुले रस्त्यारस्त्यांवर दिसत. टिळक अशा मुलांना घरी आणीत आणि त्यांच्या पोटापाण्याची काळजी लक्ष्मीबाईंवर पडे. आणणारा मोठा की रांधणारी मोठी, हा वाद आम्ही घालीत नाही. परंतु एका मिळकतीत इतक्या तोंडांना घास पुरविणे, कोणाच्या डोक्यातील उवा काढणे, कोणाची खरूज धुणे, रात्री दचकून उठणाऱ्यास जवळ घेणे, हे काम कवितेत बसत नाही आणि अहवालातही येत नाही. ज्या हातांना लहानपणी परक्याचा स्पर्श टाळण्याचे धडे मिळाले होते, त्याच हातांनी ही मुले न्हाऊमाखू घातली.

पुढे प्लेगची साथ आली. घरचा माणूस घरच्या माणसास टाकून पळत होता, असे ते दिवस होते. लक्ष्मीबाई त्या वेळी रोग्यांच्या उशाशी बसल्या. त्यांच्यापाशी ना वैद्यकीचे शिक्षण होते, ना शाळेची पदवी. अक्षरओळखदेखील त्यांना लग्नानंतर झालेली होती. जवळ होते ते धैर्य आणि विनोदबुद्धी. मरणाच्या छायेतही हसविणारी ही बाई अनेकांना आधार वाटली असल्यास नवल नाही.

टिळकांच्या घरी येणाऱ्यांत एक तरुण होता, त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगाव येथे कविसंमेलन भरले, तेथे या सतरा वर्षांच्या मुलाने सर्वांस मोहून टाकले आणि तो बालकवी म्हणून ओळखला जाऊ लागला. टिळकांनी त्यास आपल्या घरी आणले, त्याच्या शिक्षणाची काळजी वाहिली. लक्ष्मीबाईंनी त्यास मुलगा मानले. त्याचा लहरीपणा, त्याचे रुसवेफुगवे, त्याचे एकाएकी निघून जाणे आणि परत येणे हे सारे त्यांनी आईच्या मायेने सोसले. बालकवी हिंदू होते व हिंदूच राहिले. टिळकांच्या घरात त्यांनी खाल्लेल्या घासाची किंमत म्हणून त्यांच्याकडे धर्म मागितला गेला नाही. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मदत करून तिच्या मोबदल्यात मन विकत घेऊ पाहणे हा व्यापार झाला. ख्रिस्ताची प्रीती तशी नव्हे. एके काळी नारायणराव टिळकांस अनोळखी नाशिककरांनी जे दिले, तेच टिळकांनी ठोमऱ्यांस दिले, आणि त्या आधारावर फुललेली निसर्गकविता साऱ्या मराठी माणसांच्या वाट्यास आली. नाशिकच्या ज्या घरांनी पोरक्या मुलास वाढले, त्या घरांचा वाटा त्या कवितेत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातात बालकवींचा अंत झाला. एक वर्ष होते न होते तोच, ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे नारायण वामन टिळकांनी इहलोकीची यात्रा संपविली. मानलेला मुलगा गेला, पती गेला. ख्रिस्ती झाल्यामुळे माहेरसासरचा जुना आधार तुटलेला, आणि घरात शिल्लक नाही. कारण जे येई ते वाटले जाई. दुसरी एखादी स्त्री या वेळी कडवट झाली असती. आपण जगाला दिले, जगाने आपणास काय दिले, असा हिशेब मांडीत बसली असती. लक्ष्मीबाईंनी तो मांडला नाही. मुंबई येथे मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करण्याचे काम त्यांनी पत्करले. पुढे काही काळ त्या कराचीस राहिल्या आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा आपल्या नाशिकला आल्या.

या काळात त्यांच्या हातून दोन मोठी कामे घडली. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. आरंभीचे सुमारे दहा अध्याय लिहून झाल्यावर ते काम थांबले होते. पतीच्या मागे लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचून ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या स्त्रीने हे करावे, ही घटना मराठी वाङ्मयात अपूर्व आहे. पतीकडून अक्षर मिळाले, ते त्यांनी पतीच्याच अपुऱ्या ग्रंथास वाहिले. आणि त्यांच्या पश्चात उरलेला शेवट पुत्र देवदत्त यांनी केला. अशा तीन हातांतून एक ग्रंथ पुरा झाला.

दुसरे काम म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ ग्रंथांत गणले जाते. त्याचा शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर वाचकांच्या हाती आला. या ग्रंथात आपल्या वडिलांचे वेड आहे, पतीचा तापटपणा आहे, स्वतःची फजिती आहे. पण कोणाविषयी विष नाही. ज्यांनी छळले त्यांस त्यांनी हसून सोडून दिले आणि ज्यांनी आधार दिला त्यांची आठवण जपून ठेवली. ज्यांचे ऋण आता फेडता येणार नव्हते, अशा किती तरी साध्या माणसांची, हिंदूंची आणि ख्रिस्ती लोकांची, त्यांनी शब्दांतून कृतज्ञ नोंद केली. क्षमा हीदेखील एक देणगीच आहे आणि ती आपणांस मिळाल्यावाचून दुसऱ्यास देता येत नाही. प्रभूच्या प्रार्थनेतही या दोन गोष्टी एकत्रच येतात, हे आपण जाणतोच.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे देहावसान झाले. त्यांच्या मागे इस्टेट राहिली नाही. मागे राहिले ते ग्रंथ, आणि त्यांच्या हातचा घास खाऊन मोठी झालेली माणसे.

वाचकहो, लक्ष्मीबाईंचे चरित्र वाचून त्यांचे केवळ कौतुक करावे, यासाठी आम्ही हा लेख लिहिलेला नाही. पेठ तालुक्यात पावसाळ्यात आभाळ फुटल्यासारखा पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पाण्याच्या हंड्यासाठी आयाबहिणींना डोंगर चढावे-उतरावे लागतात. रोजगारासाठी कुटुंबेच्या कुटुंबे नाशिककडे उतरतात. अशा वेळी शहरात ज्याने त्यांना पहिल्या रात्री ओसरीवर पथारी टाकू दिली, ज्याने आजाऱ्यास दवाखान्यात नेले, ज्याने मुलास वह्यापुस्तके दिली, त्यास ते कदाचित काहीच परत देऊ शकणार नाहीत. त्याने तशी अपेक्षाही करू नये. पुढील वर्षी आणखी कोणी कुटुंब घाट उतरून आले, तर आधी आलेल्याने त्याच्यासाठी आपली ओसरी मोकळी करावी, एवढे पुरे आहे. घेणाऱ्यास यात ओशाळेपण नाही आणि देणाऱ्यास मोठेपणाची बाधा नाही. कारण देणाराही कधी ना कधी घेणारा होताच.

नाताळच्या या दिवशी आपण प्रत्येकाने एका अशा माणसाची आठवण करावी, ज्याचे ऋण आता आपल्याला फेडता येणार नाही. तो आपला शिक्षक असेल, शेजारी असेल, अथवा आगगाडीत भेटलेला एखादा अनोळखी प्रवासी असेल. त्याच्या नावाने आज एखाद्या गरजवंताच्या दारी जावे. फराळाचे ताट ज्याच्याकडून परत भरून येईल त्या घरी तर आपण नेहमीच पाठवितो. आजचे एक ताट अशा घरी जाऊ द्यावे, जेथून ते रिकामेच परत येईल.